तिनं त्याला नावानं हाक मारली

माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून एकदाबी माझं नाव घेतलेलं नाय. आन् त्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव ती रोज संध्याकाळी घ्यायची, तेबी शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आता माणसानं जळू नाय तर काय करावं?

दुसरा नवरा म्हणजे नाटकातला. पण त्याचं काम करणारा माणूस खराखुरा व्हता, आन् लई देखणा व्हता, तिथंच सगळी गडबड झाली.

आधी आमचं सांगतो. मी मंडपवाला. क्रांती चौकातून आत गल्लीत वळलं की मालकाचं गोडाऊन लागतं. तिथं बांबू, ताडपत्र्या, खुर्च्या आन् मी, असं सगळं सामान पडलेलं असतं. लग्न असो नाय तर सभा, वर चढून कापड ताणायचं काम माझं. शाळा चौथीपर्यंत झाली. पण चौथीत मी इतका राहिलो की मास्तर पोरांची हजेरी मलाच घ्यायला लावायचे.

बायको अंगणवाडीत मदतनीस हाय. ती बोलायला लागली की माणसं गप होतात. घरात मी होतो, बाहेर बाकीचे होतात. एका सालच्या जयंतीला आमच्या वस्तीत ती माइकवर बोलली. कॉलेजातले एक नाटकवाले सर पाहुणे म्हणून आले व्हते, ते खुर्चीतून पुढं सरकून ऐकायला लागले. कार्यक्रम झाल्यावर मला येऊन म्हणले, "तुमच्या मिसेसना नाटकात घेऊ का?" मी स्टेजचं कापड सोडत व्हतो. मला वाटलं माझं काम बघून मलाबी विचारतील. म्हणलं, "सर, मला बी थोडं येतं." सर म्हणले, "तुम्हाला काय येतं?" म्हणलं, "वर चढता येतं."

तर असं आम्ही दोघंबी नाटकात गेलो. ती स्टेजवर, मी स्टेजच्या वर.

नाटक एका जवानाचं. गंगापूरकडचा गडी, ड्युटी लांब बर्फात. बायको इकडं गावात. ती दारात उभी राहून त्याला हाका मारते, आन् तिच्या डोळ्यापुढं त्याच्यावर बर्फ पडतो. तो बर्फ म्हणजे मी. माझ्या मेव्हण्याच्या शेतातला कापूस आणायचा, सरकी काढायची, बोटानं पिंजून पिंजून हलका करायचा, पोत्यात भरून वर जाऊन बसायचं आन् मूठमूठ सोडायचा. आपल्याकडं बर्फ म्हणजे उसाच्या रसवाल्याच्या टोपल्यातली लादी. बाकी कुणी बघितलाय? पण सर म्हणायचे, "काय बर्फ पाडतोस रे." मी आठ आठ दिवस त्याच वाक्यावर जगायचो.

पहिल्या तालमीलाच अडलं. नाटकातली बायको नवऱ्याला नावानं हाक मारते. मी वरूनच म्हणलं, "सर, आमच्यात असं नसतं." सर म्हणले, "ते दोघं लहानपणापासूनचे आहेत, एका शाळेतले. म्हणून ती नावानं बोलावते." म्हणलं, "तरी नसतं." सर म्हणले, "नाटकात असतं. तू कापूस बघ."

आता आमच्यात म्हणजे नुसतं आमच्याच घरात नाय, तुमच्याबी घरात असंल. पण आमच्या हिचं लई कडक. लग्नात बायांनी उंबऱ्यात अडवलं, नाव घे तवाच आत सोडू म्हणल्या. हिनं दोन ओळी झकास जुळवल्या आन् शेवटी नावाच्या जागेवर खोकली. बाया म्हणल्या, घेतलं, घेतलं. मी शेजारीच उभा व्हतो. खोकलाच व्हता तो. पुढं पोरगी झाली तवा दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ही कळा देत व्हती. तशातबी म्हणली, "बाहेर बाकड्यावर बसलेत, त्यांनाच विचारा." सिस्टर बाहेर आली, मी घाबरून नाव सांगायच्या ऐवजी वय सांगितलं.

मी तिला लई खेपा म्हणलं, "आपण तर असलं काय मानत नाय. मग काहून घेत नाय तू?"

"मानतच नाय मी. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत्यात, ते सगळं खोटंय."

"मग घे की."

"तोंडातून निघत नाय त्याला मी काय करू? आन् समोर बसलेल्या माणसाला हाका कशाला मारायच्या?"

माझं नाव मी इथं लिहीत नाय. बायकोनं घेतलेलं नाय, तुम्हाला फुकट कशाला देऊ. आन् त्या नाटकातल्या नवऱ्याचंबी लिहीत नाय. त्याची जाहिरात लई झाली.

तर तालमीत तिच्या तोंडातून तेबी नाव निघंना. दारात उभी राहायची, हात पुढं करायची आन् म्हणायची, "अहो." सर कपाळाला हात लावायचे. मी वर बसून खूश. मनात म्हणायचो, शाबास. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस तिनं डोळे मिटले आन् ते नाव घेतलं. असं घेतलं की तालमीच्या खोलीतली सगळी गप झाली. मी वर सुतळीची गाठ मारत व्हतो. गाठ माझ्याच अंगठ्याला बसली.

तो नवरा झालेला गडी मोटारसायकलच्या शोरूममध्ये सेल्समन व्हता. इस्त्रीचा शर्ट, केस असे की आत्ताच कंगवा काढून ठेवलाय. आवाज तर असा की त्यानं "पाणी आहे का" विचारलं तरी बाया उठून आणून द्यायच्या. बरं, माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. पण चांगला व्हता. मला दादा म्हणायचा. माझ्या बायकोला ताई म्हणायचा. चहा पिताना ताई, जेवताना ताई, आन् स्टेजवर पाय ठेवला की लगेच "माझी राणी". इतक्या पटकन ताईची राणी करणारा माणूस मी दुसरा बघितला नाय.

मी एका गोष्टीवर धीर धरून व्हतो. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, हे बायको मानत नसंल, मी तेवढ्यापुरतं मानायला लागलो. म्हणलं एका तालमीत ही इतक्या खेपा नाव घेती, दिवाळीपर्यंत गडी आटपला. दिवाळी आली. गडी जाड झाला व्हता.

मग सरांना कागद आला की शिमल्याला नाटकांचा मेळा हाय, तुमचं नाटक घेऊन या. भर थंडीत. सर म्हणले, बर्फाचं नाटक बर्फाच्या गावात. सगळे खूश. मी कापसाचं पोतं शिवायला घेतलं.

दिल्लीच्या गाडीत बसलो. बायको कधी जवळच्या करमाडच्या पुढं रेल्वेनं गेली नव्हती, आन् मीबी नाय. पण मी तिला सांगितलं व्हतं की मी लई फिरलोय, म्हणून प्रत्येक स्टेशन आलं की ती मला विचारायची हे कोणतं, आन् मी म्हणायचो, मोठं स्टेशन हाय. रात्री तिला खालचा बाक, त्या गड्याला समोरचा, मला सगळ्यात वरचा. मंडपवाला म्हणून मला वरच टाकत्यात सगळीकडं. खाली दोघं समोरासमोर बसून नाटकातलं बोलणं पाठ करायला लागले. हळू आवाजात. ती त्याचं नाव हळूच घ्यायची. ते तर आणखीनच वाईट. स्टेजवर मोठ्यानं घेतलेलं नाव सगळ्यांचं असतं. हळू घेतलेलं दोघांचंच वाटतं.

सकाळी एक पंजाबी मावशी चढली. तिनं बायकोला विचारलं, "ये आपके पति हैं?" बोट त्या गड्याकडं. बायको हसली. म्हणली, "नाय नाय. वो ऊपर." मावशीनं वर बघितलं. तिला माझे पाय दिसले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला व्हता. मावशीनं पुन्हा एकदा त्या गड्याकडं बघितलं आन् मग बायकोला एक सफरचंद दिलं. ते सफरचंद कशापायी दिलं ते मला बरोबर कळलं.

पुढं डोंगरात जायला लहान गाडी लागते. एवढीशी गाडी, जत्रेतल्यासारखी. बोगद्यात शिरायची, बाहेर यायची, परत शिरायची. वर वर गेलो तसं काचेला धुकं चढलं, आन् एका बोगद्यातून बाहेर आलो तर सगळं पांढरं. झाडं पांढरी, रूळ पांढरे, घरांचे पत्रे पांढरे. डब्यातली सगळी खिडकीला चिकटली. बायको म्हणली, "आगं बाई." तेवढंच.

आन् मी बघत व्हतो बर्फ कसा पडतोय ते. खरा बर्फ माझ्यासारखा मूठमूठ पडत नाय. तो येतो कुठून ते दिसतच नाय, नुसता हवेत असतो. खाली यायची त्याला घाई नाय. माझा कापूस त्याच्यापुढं म्हणजे फाटलेल्या गादीतून पडल्यासारखा. तो गडी म्हणलाच, "दादा, हा तुमच्यापेक्षा भारी पाडतोय." सगळे हसले. बायकोबी हसली. एका डब्यात बसून मी दोघांवर जळत व्हतो, आत त्या गड्यावर आन् बाहेर आभाळावर.

पुढच्या एका लहानग्या स्टेशनावर गाडी थांबली. पुढं रुळावर झाडाची फांदी पडलीय, काढल्यावर निघणार, असं गार्ड सांगून गेला. लोक उतरून फोटो काढायला लागले. तवा माझ्या डोक्यात ते आलं. म्हणलं, एवढा खरा बर्फ फुकट पडलाय, आपण कापूस का सोडायचा? पोतं घेऊन उतरलो. आता शहाणा माणूस कापूस काढून ठेवील आन् मग बर्फ भरील. मी म्हणलं, खाली कापूस, वर बर्फ, चिवड्यासारखं कालवू. स्टेशनाच्या मागं कुणी पाय ठेवला नव्हता तिथं गेलो आन् दोन्ही हातांनी भरायला लागलो. बर्फ असा भाजतो हेबी मला तवाच कळलं.

भरता भरता मागं कालवा झाला. वळून बघतो तर गाडी हललेली. बायको दारात लटकलेली, हात हलवतेय, काय तरी ओरडतेय. वाऱ्यानं ऐकू येत नव्हतं. मग एकदम ऐकू आलं. तिनं नावानं हाक मारली व्हती.

त्याच्या.

नाटकातल्या नवऱ्याचं नाव. मला बघून. तोच आवाज, तोच पुढं केलेला हात. आन् मी काय केलं असंल? पळालो. पोतं खांद्यावर टाकलं आन् दुसऱ्याच्या नावावर जीव तोडून पळालो. दोनदा पडलो. गाडी हळू व्हती म्हणून गाठली. पोतं फेकलं, दांडी धरली, पाय घसरला, आन् वरून एका हातानं मला काखेत धरून आत ओढलं. ओढणारा कोण ते सांगायला नको. वर म्हणतो, "दादा, टेन्शन नका घेऊ, आम्ही साखळी ओढली असती."

मी पोतं वरच्या फळीवर ठेवलं आन् कोपऱ्यात जाऊन बसलो. बायको म्हणली, "लागलं का कुठं?" म्हणलं, "मला कशाला विचारती? ज्याला हाक मारली त्याला विचार." तिला कळलं नाय. किंवा कळलं, काय माहीत.

डब्यात माणसांची ऊब व्हती. फळीवर पोतं व्हतं. पोत्यात बर्फ व्हता. फळीखाली तो गडी बसलेला व्हता. पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असंल. पहिला थेंब त्याच्या केसावर पडला. त्यानं वर बघितलं तर दुसरा डोळ्यात. मग धारच लागली. त्याचे ते केस, तो कोट, सगळं गळायला लागलं. आन् माझ्या बायकोनं स्वतःच्या डोक्याचा स्कार्फ सोडला आन् त्याचं डोकं पुसलं. "सर्दी होईल तुला, आज प्रयोग हाय." खसाखसा पुसलं, पोराचं पुसतात तसं. पण पुसलं. माझे दोन्ही हात बर्फानं लाल झाले व्हते, त्याच्याकडं कुणाचं ध्यान नाय. आन् हे सगळं मीच जमवून आणलं व्हतं, पोत्यात भरून, पळत येऊन.

शिमल्याला आम्हाला एका धर्मशाळेत उतरवलं. सरांनी पोत्यात हात घातला. हात बाहेर काढला तर त्याच्याबरोबर कणकेचा गोळा असतो तसा कापूस आला. सर बायकोला म्हणले, "ताई, आज संध्याकाळी बर्फ नाही आपल्याकडं."

बाहेर ढिगानं बर्फ, आन् आमच्याकडं नाय.

ती म्हणली, "असंल सर. तुम्ही थिएटरला जा, लाइट लावा. मी ह्यांना घेऊन वाळवते."

मग खोलीत आम्ही दोघं आन् एक हिटर. बाकी सगळे गेले. आम्ही कापसाचा एक एक गोळा पिळायचा, हिटरपुढं धरायचा, बोटानं पिंजायचा. खोलीत ओल्या कापसाचा वास सुटला, गावाकडच्या घरासारखा. तिचं पाठांतर राहिलं व्हतं, तालीम राहिली व्हती. ती बोलत नव्हती. मी बोलत व्हतो.

"तू त्याचं नाव घेतलं."

"कव्हा?"

"गाडीतून. मला बघून त्याचं नाव घेतलं."

तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "आधी दोनदा अहो म्हणले. सगळी गाडी बघायला लागली, तुम्ही सोडून. तुम्ही तिकडं खाली वाकून भरताय. मग तोंडात जे आलं ते ओरडले."

"तोंडात त्याचंच कसं आलं?"

"इतके महिने नवऱ्याला म्हणून तेच नाव घेतेय. दुसरं कोणतं येणार?"

"माझं यायला पायजे व्हतं."

"तुमचं कधी सरावात व्हतं?"

"मग सराव कर. मी काय नाय म्हणलो का?"

ती परत कापूस पिंजायला लागली. जरा वेळानं म्हणली, "आन् तुम्ही पळत कशाला आले?"

"म्हणजे?"

"त्याचं नाव ऐकून तुम्ही कशाला पळाले? म्हणायचं ना, मला नाय बोलावलं. राहायचं तिथंच बर्फात."

मी म्हणलं, "आवाज तुझा व्हता."

"मग झालं की."

पण माझं झालं नव्हतं. मी तेच तेच चालू ठेवलं. म्हणलं एकदा घे. खोलीत कुणी नाय. हिटर कुणाला सांगणार नाय. हळू घे. तेबी नको तर नुसतं पहिलं अक्षर घे. आपण पहिल्या दिवशी एक अक्षर, दुसऱ्या दिवशी दुसरं, असं करू. ती हसली बी नाय. शेवटी म्हणली, "तुमच्या ह्या कटकटीत मी माझं सगळं विसरले. आता गप बसा, नाय तर तुमच्या तोंडात कापूस घालीन." मी गप बसलो. कापूस ओला व्हता.

संध्याकाळी थिएटरला गेलो. जुनं, लाकडी, इंग्रजांच्या काळचं. लाल खुर्च्या, वर सोनेरी नक्षी. लोक अंगावर बर्फ घेऊन आत येत व्हते आन् दारात झटकत व्हते. थिएटरच्या माणसानं मला वर जायची शिडी दाखवली. वर एक अरुंद फळ्यांचा माळा. तिथून खालचं सगळं दिसतं, पण उलटं. माणसांची डोकीच दिसतात. पोतं अर्धं सुकलं, अर्धं गोळे. मी पोत्याचं तोंड गुडघ्यात धरून बसलो.

नाटक चांगलं चाललं. त्या लोकांना मराठी कळत नव्हतं, तरी गप बसून ऐकत व्हते. हसायच्या जागी जरा उशिरा हसायचे. माझी बायको खाली दारात उभी, गड्याची पाठ तिच्याकडं, लांब कोपऱ्यात. शेवटचा प्रवेश. आता ती तीनदा हाक मारणार. तिसऱ्या हाकेला तो वळणार, "आलो गं" म्हणणार आन् बर्फातून चालत तिच्याकडं जाणार. मी मूठ भरून तयार.

तिनं पहिली हाक मारली. त्याचं नाव. मी एक मूठ सोडली.

दुसरी हाक. त्याचंच नाव. दुसरी मूठ. एक गोळा तसाच पडला, धप्प करून. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वर बघितलं.

मग ती थांबली. तिथं थांबायचं नसतं. मला वाटलं विसरली. तिचा हात तसाच पुढं. खालून सर पडद्याआडून ओठ हलवून सांगताहेत असं मला वरून दिसत व्हतं. आन् तिनं तिसरी हाक मारली.

माझं नाव.

नाटकातला आवाज नाय लावला. हात पुढं व्हता तो खाली आला. दूध उतू जायला लागल्यावर घरात पोरीला हाक मारती, तशी साधी हाक. पण पुरं नाव, सगळी अक्षरं.

मी वरून म्हणलं, "ओ."

आन् त्याच वेळेला खालून तो गडी म्हणला, "आलो गं."

एका नावाला दोघांनी ओ दिली. त्या गड्याला काय, हाक आली, त्यानं आपलं वाक्य घेतलं. पण माझ्या कानात ते असं गेलं की मी ताडकन उठलो. माझ्या नावाला तू कोण ओ देणारा? उठलो तसं गुडघे सुटले, आन् गुडघ्यात पोत्याचं तोंड व्हतं. सगळा कापूस, सुका, ओला, पिंजलेला, न पिंजलेला, एकदम खाली गेला. गडी दोन पावलं चालला व्हता. तिसरं पाऊल टाकायला तो दिसलाच नाय.

बायको दारात उभी, वर बघतेय. त्याच्याकडं नाय, ढिगाकडं नाय, वर. सरांनी घाबरून पडदा टाकला.

मग टाळ्या झाल्या. लई वेळ झाल्या. त्या डोंगरातल्या लोकांना वाटलं जवान बायकोकडं यायला निघाला आन् बर्फाखाली गेला. त्यांच्याकडं तसं होत असंल. एक बाई डोळे पुसत आत आली आन् माझ्या बायकोचे हात धरून बसली. वरून कुणी तरी "ओ" म्हणलं, ते त्यांना वाटलं डोंगरच बोलला. सर आधी मला मारायला शिडीपर्यंत आले व्हते. त्या बाईचं ऐकून तिथंच थांबले, म्हणले, "यापुढं असंच करायचं." तो गडी केसांतला कापूस काढत म्हणला, "दादा, तुम्ही कमालच केली." मी म्हणलं ना, वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

बायको आरशापुढं पावडर पुसत व्हती. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"तू माझं नाव घेतलं."

"चुकून गेलं."

"असं कसं चुकून जाईल?"

"दुपारभर डोकं खाल्लं तुम्ही. तेच तोंडात बसलं." आरशातून माझ्याकडं बघितलं. "आन् तुम्ही वरून कशाला ओरडले? नाटक चाललं व्हतं."

"हाक मारली तर ओ द्यायची नाय का?"

ती पावडर पुसत राहिली. तोंड पुसून झालं व्हतं, तरी पुसत व्हती.

घरी आल्यावर मला रात्रीच काय, दिवसाबी तेच ऐकू यायचं. एकदा ऐकलं म्हणून भूक भागली असं झालं नाय, उलटी वाढली. पुढचा प्रयोग इथंच लागला, आन् परत तिसऱ्या हाकेला त्याचंच नाव. मी नव्या शेवटापरमाणं पोतं सोडलं, पण हात जड झाला व्हता. मग मला एक उपाय सुचला. सरांकडं गेलो. म्हणलं, "सर, नाटकातल्या नवऱ्याचं नाव बदला. माझं नाव ठेवा. नाटकाला काय फरक पडतो?" सर हसले. म्हणले, "मला काही अडचण नाही. ताईंना विचार."

बायकोला सांगितलं. ती भांडी घासत व्हती. म्हणली, "मग मी काम करणार नाय."

"काहून? एकदा घेतलंस की."

"प्रत्येक प्रयोगाला मी तुमचं नाव घेणार. सगळ्यांसमोर."

"घे की. मला चालतंय."

"आन् त्याला ओ कोण देणार?"

मी घासलेला तांब्या उचलला आन् परत खाली ठेवला.

"तुमच्या नावाला तो ओ देणार. 'आलो गं' म्हणणार. चालंल तुम्हाला?" तिनं परात पालथी घातली. "मला नाय चालणार."

मग तिनं मला भांडी पुसायला दिली.

सरांना सांगितलं, नाव राहू द्या तेच. परवा इथं प्रयोग झाला. तिनं त्याला नावानं तीनदा बोलावलं, मी वर बसून जळलो, आन् वेळेवर पोतं सोडलं. लोक गेले. मी वर गाठी सोडत बसलो. खाली तो गडी अंगावरचा कापूस झटकत व्हता आन् बायको पिशवी घेऊन उभी व्हती.

ती वर बघून म्हणली, "अहो, उतरा आता."

तो पण वळून बघायला लागला. मी म्हणलं, तुला नाय, मला म्हणली.